संदेश पुसणारे, संदेश राखणारे

बारावीच्या वर्गात आपण फळ्यावर डीएनए, आरएनए आणि प्रथिन असे तीन शब्द लिहितो, त्यांच्यामध्ये दोन बाण काढतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. जनुकातील माहितीची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती केंद्रकाबाहेर येते, रायबोसोमवर तिचे वाचन होते आणि प्रथिन तयार होते. परीक्षेपुरते एवढे पुरते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारले, "वाचून झाल्यावर त्या आरएनएचं पुढे काय होतं, सर?" "नष्ट होतं," एवढे सांगून मी वेळ मारून नेली. कधी नष्ट होते, कोण नष्ट करते आणि झालेच नाही तर काय होईल, हे तिने विचारले नाही म्हणून बरे. मला सांगता आले नसते.

या राहिलेल्या उत्तराचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. संदेश किती काळ जगू द्यावा हे पेशी ठरवते, आणि त्यासाठी तिच्याजवळ काही खास प्रथिने असतात. काही प्रथिने संदेश पुसतात, काही तो राखून ठेवतात. या प्रथिनांना रसायनांनी रोखता आले तर कर्करोग, संधिवात अशा आजारांवर औषधे मिळतील, या आशेने गेली तीस वर्षे शोध चालू आहे. मात्र हा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. परिणाम दाखवणारे रसायन आधी हाती आले आणि ते नेमके कशाला धरते ते मागाहून कळले, असे यात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे.

अल्पायुषी म्हणूनच सापडला

संदेशवाहक आरएनएची कल्पनाच मुळी त्याच्या अल्पायुष्यातून जन्मली. १९५९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पार्डी, जेकब आणि मोनो यांनी असे दाखवले, की एखाद्या जीवाणूत नसलेले जनुक बाहेरून आत शिरले की काही मिनिटांतच त्या जनुकाचे प्रथिन पूर्ण वेगाने तयार होऊ लागते. पुढच्या वर्षी याच गटाने उलट बाजूही तपासली. किरणोत्सारी फॉस्फरस घातलेले जनुक हळूहळू निकामी होत गेले, तसे प्रथिन बनणेही थांबत गेले. त्या काळी अनेकांची समजूत अशी होती, की प्रत्येक जनुकासाठी वेगळा रायबोसोम असतो आणि माहिती त्याच्यातच कोरलेली असते. रायबोसोम तर टिकाऊ असतो. मग जनुक गेल्यावर प्रथिन का थांबावे? मधला निरोप्या क्षणभंगुर असला तरच हे जमते.

१९६०च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये ब्रेनर यांच्या खोलीवर क्रिक, जेकब आणि इतर मंडळी गप्पा मारीत बसली असताना ही गोष्ट एकदम लक्षात आली. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि जेकब कॅलिफोर्नियात मेसेल्सन यांच्याकडे प्रयोग करण्यासाठी गेले. प्रयोग फसत होता, कारण रायबोसोम फुटून जात होते. एके दिवशी समुद्रकिनाऱ्यावर हताश बसलेले ब्रेनर एकाएकी ओरडले, की चूक मॅग्नेशियमची आहे! द्रावणातील सीझियम मॅग्नेशियमची जागा बळकावत होते. मॅग्नेशियमचे प्रमाण वाढवले आणि प्रयोग जमला. मे १९६१मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला आणि संदेशवाहक आरएनएचे अस्तित्व मान्य झाले.

आता प्रश्न आला मोजमापाचा. संदेश अल्पायुषी आहे, पण म्हणजे किती?

हौदाचे गणित

एका नळाने हौद भरतो आणि दुसऱ्याने रिकामा होतो, हे गणित आपण सर्वांनी शाळेत सोडवलेले आहे. पेशीतील संदेशांचा साठा हा असाच हौद आहे. वरच्या नळातून नवे संदेश येत राहतात, खालच्या नळातून जुने जात राहतात. हौदातील पाण्याची पातळी पाहून खालचा नळ किती उघडा आहे ते सांगता येत नाही. त्यासाठी वरचा नळ पूर्ण बंद करायचा आणि पातळी किती वेळात निम्मी होते ते पाहायचे. किरणोत्सारी पदार्थांच्या धड्यातला अर्धायुकाल तो हाच.

वरचा नळ बंद करणारे रसायन जीवशास्त्रज्ञांना अयाचित मिळाले. १९४० साली अमेरिकेत रटगर्स येथे वॅक्समन आणि वुड्रफ यांनी मातीतील ॲक्टिनोमायसीट गटातल्या एका सूक्ष्मजीवापासून ॲक्टिनोमायसिन वेगळे केले. त्यांना हवे होते जीवाणूनाशक औषध. ॲक्टिनोमायसिन जीवाणू मारत होते खरे, पण प्राण्यांनाही ते सोसत नव्हते, म्हणून ते बाजूला पडले. वॅक्समन यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे स्ट्रेप्टोमायसिन निघाले आणि त्याने क्षयरोग्यांचे नशीब पालटले, हे आपल्याला ठाऊक आहे. इकडे ॲक्टिनोमायसिनचा 'डी' हा प्रकार लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयोगी ठरला आणि आजही वापरात आहे. हे रसायन डीएनएला चिकटून बसते आणि आरएनएची नक्कल होऊ देत नाही, हे १९६०च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. १९६२मध्ये लेव्हिन्थल आणि सहकाऱ्यांनी ते बॅसिलस सबटिलिस या जीवाणूवर वापरले. (ई. कोलाय हा नेहमीचा जीवाणू का नाही? कारण त्याच्या बाहेरच्या आवरणातून हे रसायन आत जात नाही.) नळ बंद होताच काही मिनिटांत हौद आटला. जीवाणूंच्या संदेशांचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते, हे त्यामुळे कळले.

मोठ्या प्राण्यांच्या पेशींत मात्र एकच एक उत्तर मिळेना. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी परिपक्व होताना केंद्रक टाकून देतात. जनुकेच उरत नाहीत, तरी त्यानंतरही काही काळ त्यांच्यात हिमोग्लोबिन बनत राहते, कारण ग्लोबिनचे संदेश चांगलेच दीर्घायुषी असतात. याउलट जखम झाली किंवा जंतू शिरले की जी प्रथिने तातडीने लागतात, त्यांचे संदेश अर्ध्या-पाऊण तासात निम्मे होतात. म्हणजे एकाच पेशीत काही संदेश टिकतात आणि काही पुसले जातात. पेशी हे कसे ओळखत असावी?

शेपटातील खूण

उत्तर १९८६मध्ये दोन ठिकाणांहून आले. पहिले आले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ, या प्रथिनाच्या अभ्यासातून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सेरामी हे परजीवींच्या संसर्गाने जनावरे खंगत का जातात याचा शोध घेत होते. खंगवणारा जो पदार्थ त्यांना आणि ब्यूटलर यांना सापडला तो टीएनएफच निघाला. योग्य वेळी, योग्य प्रमाणात तो जंतूंशी लढायला मदत करतो. जास्त झाला तर ताप, सूज, सांधे झिजणे आणि शरीर वाळणे असे भोग येतात. त्याच्या संदेशाची अक्षरे वाचताना कापू, ब्यूटलर, सेरामी प्रभृतींच्या लक्षात आले, की प्रथिनाची माहिती संपल्यानंतर जो शेपटासारखा भाग उरतो त्यात ए आणि यू ही दोनच अक्षरे गर्दी करून आहेत. यू-यू-ए-यू-यू-यू-ए-यू अशी माळ त्यात दिसते, आणि दाहाशी संबंधित इतर संदेशांच्या शेपटातही तशीच माळ आहे.

दुसरे उत्तर शॉ आणि कॅमेन यांनी प्रयोगाने दिले, आणि वर्गात सांगण्यासारखा प्रयोग हाच आहे. त्यांनी अशाच एका अल्पायुषी संदेशाच्या शेपटातील ५१ अक्षरांचा तुकडा घेऊन तो सशाच्या ग्लोबिन संदेशाच्या शेपटात बसवला. दीर्घायुषी ग्लोबिन तत्काळ अल्पायुषी झाला. मूळ मजकुराला हातसुद्धा लावलेला नव्हता. फक्त 'वाचून झाल्यावर नष्ट करावे' अशी खूण जोडली होती. (याची उलटी युक्ती पुढे कामी आली. २०२०च्या डिसेंबरात वापरात आलेल्या एका कोविड लसीतील आरएनएला ग्लोबिनच्या संदेशाचे शेपूट जोडलेले आहे. लसीतला संदेश लवकर पुसला जाऊ नये, हा हेतू.)

खूण आहे म्हणजे ती वाचणारेही कोणी असणार. ते सापडायला आणखी दहा वर्षे गेली, आणि दरम्यान एक अगदी वेगळीच गोष्ट घडली.

कुष्ठरोग्यांची गोळी

थॅलिडोमाइडचे नाव वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून ते बाजारात आले, गरोदर स्त्रियांनाही सर्रास दिले गेले, आणि हातापायांची वाढ न झालेली हजारो बालके जन्मल्यावर १९६१च्या अखेरीस मागे घेण्यात आले. औषधशास्त्राच्या इतिहासात एवढा मोठा कलंक दुसरा क्वचितच असेल.

१९६४ साली जेरुसलेममध्ये कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. शेस्किन यांच्यापुढे एक रुग्ण होता. त्याला जी 'रिॲक्शन' आली होती ती आपल्याकडच्या कुष्ठरोग कार्यकर्त्यांनाही चांगली परिचयाची आहे. अंगावर लाल, ठणकणाऱ्या गाठी येतात, ताप चढतो, नसा दुखतात. जंतू वाढल्यामुळे हे होत नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकल्यामुळे होते. पुष्कळदा उपचार चालू असतानाच होते. वेदनांनी रुग्णाला झोप लागेना, म्हणून शेस्किन यांनी बाजूला पडलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्या दिल्या. झोप तर लागलीच, पण एक-दोन दिवसांत गाठीही ओसरू लागल्या. का, ते कोणालाच सांगता येईना.

'का'ची पहिली पायरी गाठायला सत्तावीस वर्षे लागली. १९९१ साली रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लन यांच्या गटाने दाखवले, की थॅलिडोमाइडमुळे रक्तातील मोनोसाइट पेशींचे टीएनएफ बनवणे कमी होते. १९९३मध्ये त्याच गटाने हौदाचे गणित मांडले. वरचा नळ तसाच होता. थॅलिडोमाइडने खालचा नळ अधिक उघडला होता. टीएनएफच्या संदेशाचा अर्धायुकाल सुमारे ३० मिनिटांवरून सुमारे १७ मिनिटांवर आला होता.

हे आकडे विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावेत. वरचा नळ बंद असताना १०० संदेशांपैकी तासाभराने पहिल्या हिशेबात २५ उरतात, दुसऱ्या हिशेबात नऊसुद्धा उरत नाहीत. अर्धायुकाल निम्म्यापेक्षा थोडा जास्त राहिला, पण तासाभरात उरलेला साठा जवळजवळ एकतृतीयांशावर आला. मात्र हेही सांगावे, की या मोजणीसाठी वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तात असते त्याहून बरीच मोठी होती.

१९९८ साली अमेरिकेत कुष्ठरोगाच्या या रिॲक्शनसाठी थॅलिडोमाइडला कडक बंधने घालून परवानगी मिळाली. बंधने कडक ठेवण्याला कारण होते. ब्राझीलमध्ये कुष्ठरोग्यांना ते दिले जात राहिले आणि १९६५नंतरही तेथे व्यंग असलेली बालके जन्मली. गोळीने गाठी बसतात हे माहीत होते, पण ती पेशीतील कोणत्या प्रथिनाला धरते, हे कोणालाच माहीत नव्हते. ते कळले २०१० साली, जपानमधील हांडा यांच्या गटाने सेरेब्लॉन हे प्रथिन शोधून काढल्यावर. निकामी करावयाच्या प्रथिनांवर शिक्का मारणाऱ्या यंत्रणेचा सेरेब्लॉन हा भाग आहे. तेथून टीएनएफच्या संदेशापर्यंतची वाट लांबची आणि वळणावळणाची आहे.

खूण वाचणारा पुसणारा

खूण वाचून संदेश पुसणारे प्रथिन सापडले तेही भलत्याच शोधात. इन्शुलिन दिल्यावर पेशीत कोणती जनुके झटकन जागी होतात ते ब्लॅकशियर आणि सहकारी पाहत होते. १९९०मध्ये त्यांना असे एक जनुक मिळाले. त्याच्या प्रथिनात चार प्रोलिन ओळीने, आणि असे तीन वेळा, म्हणून नाव पडले ट्रिस्टेट्राप्रोलिन. आपण त्याला टीटीपी म्हणू. त्याचे काम काय, याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागावा म्हणून त्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९६मध्ये जे प्रसिद्ध झाले ते असे. पिले जन्मतः ठीक दिसत होती. काही आठवड्यांत ती वाळू लागली, सांधे सुजले, कातडीला दाह झाला. टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे लहानपणापासून टोचली तर मात्र पिले जवळजवळ निरोगी वाढली. म्हणजे सगळा उत्पात एका टीएनएफचा होता. १९९८मध्ये याच गटाने दाखवले, की टीटीपी संदेशाच्या शेपटातील ए-यूच्या माळेला चिकटते आणि त्यामुळे संदेश नष्ट होतो. पुसणाराच नसेल तर टीएनएफचा संदेश हौदात साचत जातो. मागच्या बाकावरच्या मुलीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे उंदीर होते.

त्याच सुमारास औषध कंपन्यांतून दुसरा धागा येऊन मिळाला. स्मिथक्लाइन बीचम कंपनीत टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांची निर्मिती कमी करणारी काही संयुगे हाताशी होती. ती कशी चालतात हे ठाऊक नव्हते. ली आणि सहकाऱ्यांनी त्यांतील एका संयुगाला किरणोत्सारी अणू जोडला आणि तेच गळाला लावून पेशीतून त्याचे भक्ष्य बाहेर ओढले. १९९४मध्ये जाहीर झालेले ते भक्ष्य म्हणजे पी-३८ हे विकर. पुढे साखळी उलगडली. जंतूंची चाहूल लागली की पी-३८ जागे होते, ते दुसऱ्या एका विकराला जागे करते, ते टीटीपीवर फॉस्फेट चढवते, आणि फॉस्फेट चढलेल्या टीटीपीला पुसण्याचे काम नीट करता येत नाही. तेवढा वेळ टीएनएफचा संदेश जगतो. पी-३८ला रोखले, की पुसणारा मोकळा.

कागदावर इतके सुबक औषध दुसरे नसेल. अनेक कंपन्यांनी अशी संयुगे बनवली आणि संधिवाताच्या रुग्णांवर त्यांच्या चाचण्या घेतल्या. एकामागून एक ती मागे पडली. काहींनी यकृताला त्रास दिला. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की रक्तातील दाहाची खूण आधी उतरायची आणि काही आठवड्यांत पुन्हा चढायची. एक स्पष्टीकरण असे दिले जाते, की पी-३८ केवळ आग लावत नाही, आग विझवण्याची तयारीही तेच करून ठेवते. खुद्द टीटीपीचे उत्पादन वाढवण्यातही त्याचा वाटा असतो. त्याला रोखले म्हणजे पुसणारा मोकळा होतो खरा, पण त्याची संख्याच घटते. दरम्यान संधिवाताच्या रुग्णांना दिलासा मिळाला तो वेगळ्याच मार्गाने, १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी. ही प्रतिपिंडे संदेशाच्या वाटेला जात नाहीत, बनलेले प्रथिनच टिपून घेतात.

रुग्णांच्या रक्तातून

संदेश राखणाऱ्या प्रथिनाची कथा कर्करोगाच्या वॉर्डात सुरू होते. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये पोस्नर यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे असे रुग्ण नोंदवले, की ज्यांच्या हातापायांची संवेदना झपाट्याने जात होती, पण कर्करोग तर चेतासंस्थेत पसरलेला नव्हता. त्यांच्या रक्तात चेतापेशींच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. झाले होते असे: जे प्रथिन एरवी फक्त चेतापेशींत असते, ते गाठीच्या पेशी बनवू लागल्या होत्या. शरीराने त्याविरुद्ध लढाई पुकारली आणि त्या लढाईत स्वतःच्याच चेतापेशी बळी पडल्या. प्रतिपिंडाला रुग्णाच्या आडनावाची पहिली अक्षरे देण्याची रीत होती, म्हणून याचे नाव 'हू' पडले. कोणा एका वेदनाग्रस्त माणसाच्या आडनावाचा तुकडा आज रेणुजीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

१९९१मध्ये ही प्रतिपिंडे वापरूनच 'हू' प्रथिनाचे जनुक हुडकण्यात आले. त्याची रचना पाहताच ओळख पटली. ती फळमाशीच्या 'इलाव्ह' प्रथिनाशी मिळतीजुळती होती. या जनुकात बिघाड झाला तर माशीचा भ्रूण दगावतो, आणि बिघाड सौम्य असेल तर तिचे डोळे सदोष होतात. ब्रँडाइस विद्यापीठात कल्पना व्हाइट यांच्या प्रयोगशाळेने या बिघाडांचा अभ्यास १९८५मध्येच प्रसिद्ध केला होता. माशीची वाढ आणि माणसाचा कर्करोग, असे दोन दूरचे रस्ते एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाले. दोघांतही आरएनएला पकडणारे भाग होते. १९९३मध्ये ड्यूक विद्यापीठात कीन यांच्या गटाने दाखवले, की या घराण्यातील एक प्रथिन नेमके ए-यूच्या माळेला पकडते. १९९६मध्ये याच घराण्यातले, पण शरीरभर सर्वत्र आढळणारे भावंड मिळाले. ते 'हू-आर'. १९९८मध्ये येल येथे जोन स्टाइट्झ आणि ह्यूस्टनमध्ये श्यू यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की पेशीत हू-आर वाढवले तर ए-यूची माळ असलेले संदेश जास्त काळ टिकतात.

म्हणजे एकाच खुणेचे दोन वाचक. टीटीपी ती वाचून संदेश पुसते, हू-आर तीच वाचून राखून ठेवते. अनेक प्रकारच्या कर्करोगांत पेशीरसातील हू-आर वाढलेले दिसू लागले, तेव्हा त्याला रोखणारे रसायन शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

ज्या कुलपाला भोक नाही

येथे एक अडचण होती. विकर आणि त्याचा सब्स्ट्रेट यांचे नाते आपण कुलूप-किल्लीच्या उपमेने शिकवतो. विकराला खोबण असते, तीत बसणारा छोटा रेणू बनवला की ते अडते. बहुतेक औषधे अशीच चालतात. पी-३८ला रोखणारी संयुगेही तशीच. पण हू-आर हे विकर नव्हे. ते आरएनएला रुंद पृष्ठभागाने धरते, मुठीत दोरी धरावी तसे. मोठ्या पृष्ठभागावरून दोरी निसटवायला छोटा रेणू कसा पुरणार? औषध तयार करणाऱ्यांनी अशा प्रथिनांचा नाद बराच काळ सोडूनच दिला होता.

२००७ साली व्हिएन्नामध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या मायस्नर आणि सहकाऱ्यांनी पहिले यश जाहीर केले. त्यांनी सूक्ष्मजीवांपासून मिळालेल्या पदार्थांतून हू-आर आणि आरएनए यांची गाठ सोडवणारी संयुगे निवडली. त्यांतील एमएस-४४४ हे जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात मातीतील मायक्रोमोनोस्पोरापासून काढले होते, तेही स्नायूंच्या आकुंचनाशी संबंधित एका विकराचा निरोधक म्हणून. पुन्हा भलत्या कामासाठी सापडलेले रसायन, आणि तेही पुन्हा वॅक्समन यांच्याच आवडत्या ॲक्टिनोमायसीट गटातले! त्याची युक्तीही पाहण्याजोगी आहे. ते आरएनएची जागा अडवण्याऐवजी हू-आरचे दोन रेणू एकमेकांशी जुळू देत नाही. जोडी जमली नाही की पकड बसत नाही.

त्यानंतर २०१५मध्ये इटलीतील त्रेन्तोच्या संशोधकांनी चिनी वैद्यकातील दानशेन या वनस्पतीच्या मुळांतले डायहायड्रोटॅन्शिनोन हू-आरला आरएनएपासून दूर ठेवते असे दाखवले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातून सीएमएलडी-२ हे कौमारिन जातीचे संयुग आले. पेशींत आणि उंदरांत अशा संयुगांनी कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावल्याच्या नोंदी आहेत. पण ही नावे वाचून फार हुरळून जाऊ नये, असे माझे मत आहे. नैसर्गिक संयुग एका प्रथिनाला धरते असे सिद्ध झाले म्हणून ते इतर दहांना धरत नाही असे होत नाही; एमएस-४४४चाच इतिहास त्याची साक्ष देतो.

याच जातीचा आणखी एक प्रयत्न थोडक्यात सांगतो. हिपॅटायटिस-बीच्या विषाणूचे प्रथिन कमी करणारे आरजी-७८३४ हे संयुग रोश कंपनीने चाळणी लावून शोधले. ते पीएपीडी-५ आणि पीएपीडी-७ या दोन विकरांना रोखते, हे नंतर कळले. ही विकरे संदेशाच्या टोकावरील ए अक्षरांच्या माळेत अधूनमधून जीसारखे वेगळे अक्षर घालतात, त्यामुळे टोक कुरतडणाऱ्यांना अडखळावे लागते. विषाणूचे संदेश ही सवलत उपटत होते. विकरे रोखली की ते लवकर नष्ट होतात. येथे खोबण असलेली विकरे होती, म्हणून काम सोपे झाले. तरीही या जातीच्या संयुगांनी प्राण्यांत चेतासंस्थेला अपाय केल्याचे दिसून आले आणि उत्साह ओसरला.

हू-आरच्या बाबतीत इशारा आधीच मिळाला होता. २००९मध्ये प्रौढ उंदरांच्या शरीरातून हू-आरचे जनुक काढून टाकण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्त बनवणारे अवयव आक्रसले, आतड्याच्या अस्तराचे उंचवटे नाहीसे झाले आणि दहा दिवसांत उंदीर मेले. ज्या पेशी सतत नव्याने बनत असतात, त्यांना हे राखणारे प्रथिन लागतेच. आणखी एक निरीक्षण तर उलटेच आहे. ग्रीसमधील काटसानू आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींत हू-आर वाढवले, तेव्हा दाह वाढण्याऐवजी कमी झाला. राखणारा नेहमी राखतोच असे नाही. सोबत कोण आहे त्यावर त्याचे वागणे ठरते.

हू-आरला रोखणारे एकही संयुग आजवर दवाखान्यातले मान्य औषध झालेले नाही. प्रयोगशाळेत मात्र ही संयुगे रोजच्या वापराची साधने झाली आहेत. नव्या संयुगाने संदेशाचे आयुष्य खरोखर घटले की नाही हे पाहण्यासाठी संशोधक आजही पुष्कळदा आधी पेशींवर ॲक्टिनोमायसिन-डी घालतात, वरचा नळ बंद करतात आणि ठरावीक वेळाने हौदात किती उरले ते मोजत बसतात.